दहाही संगणक रिकामे झाले तो दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात माझे छोटेसे सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सगळी कामे आज पाटीवर लिहिलेली असली, तरी 2007 साली मी हा गाळा भाड्याने घेतला तेव्हा पाटीवर 'सायबर कॅफे' एवढे दोनच शब्द होते, आणि माझे घर चालत होते ते ताशी 15 रुपयांनी काउंटर-स्ट्राइक हा संगणकावरचा बंदुकांचा खेळ खेळायला येणाऱ्या पोरांवर. इंटरनेट त्या वेळी दिवसातून चार वेळा तुटायचे, पण या खेळाला त्याची गरजच नव्हती. दहा संगणक तारांनी एकमेकांना जोडले की पाच विरुद्ध पाच असा डाव सुरू व्हायचा. नागपूरहून आणलेल्या सीडीवरून मी तो दहाही यंत्रांवर चढवला होता. खेळ बनवणाऱ्या कंपनीला माझ्याकडून एक पैसाही गेला नाही, हे इथे कबूल करून टाकतो.

पुढे मोबाईल आले, पोरे फोनवरच्या पबजी या खेळाकडे गेली आणि कॅफेचे केंद्र झाले. दहांपैकी चार संगणक मी बदलले आणि कामाला लावले. उरलेले सहा मागच्या भिंतीशी तसेच राहिले. त्यांच्यावर आजही तीच 1.6 आवृत्ती आहे, जी 2003 साली आली आणि तेव्हापासून जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहे. कामाचे चार बदलले तेव्हा त्यांच्यावरही मी ती चढवून ठेवली होती. कशासाठी, ते मला त्या वेळी सांगता आले नसते.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, माझे जुने पाच गिऱ्हाईक एकत्र आले. त्यांतला एक आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक एसटीत कंडक्टर, एकाचे कृषी केंद्र आहे आणि एक घरची शेती करतो. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडलेला होता आणि चांगल्या बाजारभावाची वाट पाहणे चालू होते, त्यामुळे शेतकऱ्यालाही वेळ होता. सगळे पस्तिशीच्या आसपासचे. बोलणे अर्थातच खेळावर आले, आणि पुणेकराने जाहीर करून टाकले की हा खेळ आता शिळा झाला आहे.

त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, कारण पाचांपैकी तो एकटाच आजही नवी आवृत्ती खेळतो. 1999 मध्ये हाफ-लाइफ या खेळाचा एक हौशी फेरबदल म्हणून जे सुरू झाले, त्याच्या गाभ्यात पंचवीस वर्षांत काय बदलले, असे तो विचारत होता. एका संघाने बॉम्ब लावायचा, दुसऱ्याने अडवायचा किंवा निकामी करायचा; खेळातल्या 800 डॉलरवर सुरुवात करायची, राउंड जिंकत पैसे जमवायचे आणि बंदुका घ्यायच्या. 2012 मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह आली, 2023 च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक 2 आली, आडोशासाठी सोडलेला धूर गोळीने फाटू लागला, सामना 30 ऐवजी जास्तीत जास्त 24 राउंडांचा झाला. पण पहिल्या वीस सेकंदांत कोण कुठे पोहोचणार, हे समोरच्याला पाठच असते. डस्ट टू या नकाशाचेच, म्हणजे खेळातल्या मैदानाचेच पाहा, तो म्हणाला. 2001 चा हा नकाशा. कंपनीने 2017 मध्ये तो स्पर्धेच्या यादीतून काढला, डागडुजी केली, 2018 मध्ये परत घेतला, 2022 मध्ये पुन्हा काढला आणि 2024 मध्ये पुन्हा आणला.

"म्हणजे त्यायले बी समजून राहिलं ना भाऊ, का लोकं बोर झाले," असा त्याने समारोप केला.

"मग तू काऊन खेळतं?" कंडक्टरने विचारले.

यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते. नवी आवृत्ती एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा 2025 मध्ये 18 लाखांच्या पुढे गेला होता, हे त्यानेच मला सकाळी कौतुकाने सांगितले होते. इतके लोक रोज शिळे का खातात, हे मात्र त्याला सांगता येईना.

एरवी हा वाद चहाबरोबर संपला असता. पण त्या दिवशी एका सरकारी योजनेचे संकेतस्थळ सकाळी साडेअकरालाच बसले. माझ्याकडे त्या कामासाठी वीस-बावीस बायका बसलेल्या होत्या, काही तर गावाहून पहाटेच्या गाडीने आलेल्या, आणि पडद्यावर एक गोल तेवढा फिरत होता. परत पाठवावे तर त्यांचे तिकीट वाया जाणार, थांबवावे तर करायला काही नाही. कामाचे चारही संगणक नुसते उभे होते. मागचे सहा आणि हे चार मिळून दहा होतात, हे माझ्या आधी कृषी केंद्रवाल्याच्या ध्यानात आले.

समोरचा संघ उभा करायला वेळ लागला नाही. कंडक्टरचा पुतण्या आणि त्याचे आयटीआयतले तीन सोबती दाराशी फोनवर खेळतच होते. पाचवा मिळेना, तेव्हा रांगेतल्या एका काकूंची बारावीतली मुलगी म्हणाली, "मी बसू का?" ती भावाच्या फोनवर बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, खेळायची. तिने बसता बसता पहिली गोष्ट विचारली ती हेडफोनची. दोन्ही कान चालू असलेला हेडफोन मी शोधून दिला. पाच जुन्यांपैकी एकानेही तो मागितला नव्हता. त्यांना एकमेकांवर ओरडत खेळायची सवय होती.

राउंडची वेळ पावणेदोन मिनिटे आणि बॉम्ब फुटायला 45 सेकंद, हे आमचे जुने गणित मी लावून दिले, नकाशा डस्ट टूचाच. जुने बचावाला, पोरे हल्ल्याला. बोटाने पडदा घासून खेळणाऱ्या पोरांना माउस सांभाळता येईना. कोणी आकाशात गोळ्या मारत होता, कोणी भिंतीला नाक लावून उभा होता. पहिले तीन राउंड अर्ध्या-अर्ध्या मिनिटात आटोपले आणि पुणेकर माझ्याकडे पाहून हसला.

चौथा राउंड मी मुलीच्या मागे उभा राहून पाहिला, म्हणून तो तपशिलाने सांगू शकतो. तिचे चारही भिडू नेहमीप्रमाणे 'लाँग' या लांब वाटेकडे आणि मधल्या दारांकडे धावत जाऊन मेले. बॉम्ब तिच्याजवळ होता. तिने 1700 डॉलरची शॉटगन घेतली होती, जी आमच्याकडे कोणी हातात धरली तर त्याची आठवडाभर टिंगल होत असे. ती खालच्या बोगद्यात गेली, एका अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे सरकली आणि थांबली. नुसती थांबली. दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद. फोनवरच्या खेळात शंभरांतून शेवटपर्यंत जिवंत राहण्याला किंमत असते, कोणी किती मारले याला त्यामानाने कमी. ती सवय घेऊनच ती बसली होती, आणि आपण काही वेगळे करतो आहोत हे तिच्या गावीही नव्हते.

बचाव करणाऱ्यांनी अशा वेळी जागेवर राहायचे असते. वेळ संपली की राउंड त्यांचाच. पण कॅफेची एक जुनी रीत आहे: एकच शत्रू उरला की त्याला गोळीने मारायचे नाही, सुरीने मारायचे, म्हणजे त्याची शोभा होते. मास्तर सुरी हातात घेऊन बोगद्यात शिरले. मुलीने डोके किंचित वळवले, कारण पावलांचा आवाज डाव्या कानात येत होता, आणि दोन हातांवरून बार काढला. मास्तरांच्या तोंडून शाळेत चालणार नाही असा शब्द गेला. "अबे, थांब, मी पाहतो तिले," म्हणत कृषी केंद्रवाला दुसऱ्या बाजूने आला, तोही सुरी घेऊनच, आणि तोही गेला.

मग ती शांतपणे बी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीवर, चालत गेली, शेवटच्या काही सेकंदांत बॉम्ब लावला आणि पुन्हा बोगद्यात निघून गेली. उरलेले तिघे धावत आले. आता जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांना अठरा वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे बॉम्ब लावणारा कुठे लपतो ते पाठ होते. खिडकीमागे पाहिले, नाही. दुहेरी खोक्यांमागे पाहिले, नाही. मागच्या ओट्यावर चढून पाहिले, तिथेही नाही. प्रत्येक ठिकाणी आधी डोकावायचे, मग एकाने आड राहून दुसऱ्याला पुढे पाठवायचे, हे सगळे शिस्तीत झाले. आणि शिस्तीत व्हायला वेळ लागतो. कंडक्टर बॉम्बवर बसला तेव्हा आठ सेकंद उरले होते. निकामी करायला दहा लागतात. निकामी करायचे किट असेल तर पाच. किट 200 डॉलरला मिळते आणि पोरांविरुद्ध ते घेण्याची गरज पाचांपैकी एकालाही वाटली नव्हती.

स्फोट झाला तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकांत एकच गलका उठला. "कोन जितलं?" एका म्हातारीने विचारले. "तुमच्या सोबतची पोरगी, आजी," मी म्हणालो, तेव्हा तिने "बाई माय!" म्हणून बोटे कडाकडा मोडली.

पहिल्या अर्ध्यात पोरांनी पाच राउंड काढले आणि त्यांतले चार त्याच बोगद्याच्या आसपासचे होते. पुणेकर चिडला. "असं नाही खेळत बे," तो दोनदा म्हणाला. मी तिथे पोचपावत्या लावत बसलो होतो आणि मला वाटले, सकाळच्या वादाचे उत्तर याच वाक्यात आहे. कसे खेळायचे याविषयी दहाही जणांचे एकमत झाले की खेळ शिळा होतो. कंपनी नकाशा काढते, परत आणते, धुराचे नियम बदलते, सामना आखूड करते, ते सगळे हे एकमत मोडण्यासाठीच असावे. आणि थोड्या दिवसांत लोक नवे एकमत करतात, म्हणून तिला पुन्हा काहीतरी बदलावे लागते. आमच्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावपट्टी वर्षानुवर्षे तीच असते, सरळ आणि रिकामी, पण तिला कोणी शिळी म्हणत नाही, कारण जोडी दरवर्षी नवी उतरते आणि बैलाला मागच्या वर्षीचा पट ठाऊक नसतो. माझ्या केंद्रात 2003 पासून जवळजवळ काहीही न बदललेल्या आवृत्तीवर दुपारभर ओरड चालली होती ती एका नव्या जोडीमुळे.

अर्थात हे फार वेळ टिकले नाही, आणि खरे नवल मला त्याचेच वाटले. बाजू बदलल्यावर जुन्यांनी हेडफोन मागून घेतले. कोपऱ्यात आधी डोळे दिपवणारा फ्लॅश बॉम्ब टाकायचा, मग शिरायचे, असे ठरले. सुऱ्या बंद झाल्या. तिकडे पोरेही शिकत होती. पुतण्याने काकाच्या पडद्याकडे पाहून लांबून नेम धरायची स्नायपर बंदूक घ्यायला सुरुवात केली, दुसऱ्याने लाँगवर कुठे उभे राहायचे ते उचलले, आणि एकाने मुलीला सांगितले, "तू तिथं नको बसू ना, साइटवर राह्य, खोक्यामागं." ती बिचारी जाऊन खोक्यामागे उभी राहिली. जुन्यांनी तिथेच आधी पाहिले. नियमाप्रमाणे खेळू लागल्यापासून पोरांना एकामागून एक राउंड हरावे लागले, कारण नियमाप्रमाणे खेळण्यात समोरचे अठरा वर्षांनी पुढे होते. दीड तासाच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत, तो खेळ ताजा झाला आणि पुन्हा शिळा झाला.

शेवटच्या राउंडात, 15-7 असताना, मुलगी पुन्हा आपल्या मनाने वागू लागली होती. या वेळी बचावाची बाजू तिची होती. तिने साइट सोडून दिली आणि मधल्या दाराआड जाऊन उभी राहिली. पुणेकर त्याच वाटेने येत होता. तेवढ्यात माझ्या भाच्याने समोरच्या टेबलावरून आरोळी ठोकली की संकेतस्थळ सुरू झाले, आणि पाठोपाठ तिच्या आईचा आवाज आला, "अवं, ओटीपी आला का पाह्य!" मुलीने माउस सोडला, फोन उचलला आणि सहा आकडे वाचून दाखवले. तिसरा आकडा वाचत असताना ती मेली. सामना 16-7 ने संपला, चारही संगणक ताबडतोब खाली करावे लागले, आणि रात्री साडेनऊपर्यंत मी बोटांचे ठसे घेत होतो.

दुसऱ्या दिवशी पुणेकर बॅग घेऊनच आला. त्याची गाडी दीड तासाने होती. मागच्या रांगेतला एक संगणक त्याने स्वतःच सुरू केला, हेडफोन लावला आणि सर्व्हरवर एकटाच डस्ट टू उघडला. मला वाटले नेमबाजीचा सराव करील. पण तो सरळ खालच्या बोगद्यात गेला, त्या कोपऱ्यात भिंतीकडे सरकला आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ. मी एका शेतकऱ्याचा फेरफार उतारा काढून देत होतो, तो होईपर्यंत पडद्यावर काहीही हलले नाही.

मग उठून त्याने टेबलावर 15 रुपये ठेवले. ताशी दर आता तो राहिलेला नाही, पण मी काही बोललो नाही.

"तिथून काहीच नाही दिसत भाऊ," तो बॅग उचलत म्हणाला. "फक्त आवाज येतेत."