गार्डमध्ये खाली असताना गुद्दे चुकवणं: पावसाळ्यातल्या सरावाची नोंद

पावसाळाभर एकच विषय लावून धरलाय. ब्राझिलियन जुजुत्सूतला गार्ड, म्हणजे पाठ मॅटवर आणि समोरचा माझ्या दोन पायांत गुडघ्यांवर बसलेला; त्यात त्याला गुद्दे मारायची पूर्ण मुभा. स्वीप (त्याला उलटवून वर येणं), ट्रँगल (पायांच्या त्रिकोणात मान आणि हात आवळणं), आर्मबार (कोपर उलटं ताणणं) सगळं नंतर. आधी मार चुकवायचा. आता कुठे हातपाय न सांगता आपापल्या जागी जायला लागलेत, म्हणून ही नोंद.

ज्यांनी फक्त स्पोर्ट जुजुत्सू केलंय त्यांना क्लोज्ड गार्ड ही निवांत जागा वाटते. एका हातात कॉलर, दुसऱ्या हातात बाही, पाय पाठीमागे बांधलेले. समोरचा ताठ बसला तरी विचार करायला वेळ असतो. त्याच माणसाला मारायची परवानगी दिली की चित्र पार बदलतं. त्यात जमिनीवर बसणारा गुद्दा फार वाईट. उभं असताना मार लागला तर डोकं मागे जातं, थोडा जोर हवेत विरतो. खाली डोक्यामागे जमीन असते, जोर जायला वाटच नसते. म्हणून हा भाग फक्त एमएमए (मारणं आणि कुस्ती दोन्ही चालणारा मिश्र खेळ) खेळणाऱ्यांनी शिकावा असं मला वाटत नाही. जुजुत्सू स्वतःच्या बचावासाठी शिकतो असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो केलाच पाहिजे, आणि ब्लू बेल्टच्या (पांढऱ्यानंतरच्या पट्ट्याच्या) आधी केला पाहिजे.

इतक्या आठवड्यांत डोक्यात पक्कं बसलेलं सूत्र एकच: अंतर. गार्डमध्ये सुरक्षित जागा दोनच. एक तर इतकं जवळ की त्याच्या हाताला मागे घ्यायला जागाच उरू नये, नाही तर इतकं लांब की त्याचा हात तोंडापर्यंत पोचूच नये. मार बसतो तो मधल्या पट्ट्यात. ब्राझिलियन जुजुत्सू घडवणाऱ्या ग्रेसी घराण्याच्या परंपरेत याच कल्पनेवर टप्प्याटप्प्याने शिकवतात आणि आमचे सरही त्याच क्रमाने घेतात: चिकटून राहणं, मग गुडघे आणि कोपरांची ढाल, मग त्याच्या छातीवर नडग्या, मग कमरेवर पायांचे तळवे, आणि शेवटी तो पूर्ण लांब गेला की टेक्निकल स्टँड-अप करून, म्हणजे एक हात मागे टेकून तोंड सांभाळत, उठणं. टप्पे पाठ करायला सोपे आहेत. खरा सराव आहे तो एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचा, कारण कधी जायचं हे समोरचा ठरवतो.

चिकटून राहण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घाम तिथेच गाळलाय. समोरच्याचं डोकं हातांनी ओढून खाली आणायचा मोह प्रत्येकाला होतो. त्याने हात थकतात आणि तो मान ताठ करून बसून राहतो. ओढायचं पायांनी. पाय त्याच्या कमरेवर नाही, वर, बरगड्यांच्या मागे बांधायचे आणि दोन्ही गुडघे स्वतःच्या छातीकडे घ्यायचे. तो पुढे कोसळतो. त्याच क्षणी एक हात त्याच्या डोक्यामागे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दंडावरून ओव्हरहूक (वरून घातलेला विळखा), अगदी काखेपर्यंत. कान कानाला लावायचा. आता ओव्हरहूक केलेला हात मारू शकत नाही. दुसरा मोकळा हात फार तर बरगड्यांवर किंवा कानशिलावर आखूड गुद्दे मारेल. त्यासाठी डोक्यामागचा हात सोडून त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला तळवा लावायचा आणि पुन्हा डोक्यावर न्यायचा. गुद्द्याचा पाठलाग करायचा नाही, दंड अडवायचा. दंड थांबला की मूठ आपोआप थांबते.

मनगट धरण्यापेक्षा दंड आणि कोपर का, याला मुंबईत आणखी एक कारण आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नो-गी (जाड अंगरखा न घालता) करताना दहा मिनिटांत अंगावर पाण्याचा थर असतो, मनगट साबणाच्या वडीसारखं निसटतं. कोपराच्या वरचा हूक मात्र सुटत नाही, कारण खाली कोपराचं हाड अडतं.

माझा या सरावातला जोडीदार मूळचा कोल्हापूरचा. तालमीत वाढलेला, मातीवर आणि मॅटवर दोन्हीकडे खेळलेला, आता नोकरीसाठी इकडे. त्याच्या सगळ्या शिकवणीत पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली, चितपट. त्यामुळे मुद्दाम पाठीवर पडून लढायचं हे त्याला अजून मनापासून पटत नाही, आणि या सरावाला नेमका असाच माणूस लागतो. वर बसलेला पैलवान वजन कसं टाकतो, गुडघे किती रुंद ठेवतो, हे जुजुत्सूच्या जोडीदारांकडून सहसा कळत नाही. हात हलवून दाखवतात, वजन टाकत नाहीत.

एकदा मी सतत त्याच्या ग्लोव्हजकडे बघतोय हे त्याने ओळखलं. म्हणाला, "भावा, हात नगं बघू, कंबर बघ माझी." मग त्याने अगदी सावकाश करून दाखवलं. उजव्या हाताने जोरात मारायचं तर आधी उजवा खांदा मागे जातो, त्याच्याही आधी भार डाव्या गुडघ्यावर सरकतो. पाय त्याच्या अंगाभोवती असतील तर हा भार सरकल्याचं मांडीच्या आतल्या बाजूला जाणवतं, डोळ्यांना दिसायच्या आधी. त्यानंतर मी डोळे मिटून काही फेऱ्या केल्या, फक्त मांडीवरचा दाब ओळखत. तो उघड्या हाताने हलके थोपटायचा आणि मी ज्या बाजूने भार हलका झाला त्या बाजूचा गुडघा वर घ्यायचो. ज्याला हे शिकायचंय त्याने हा सराव जरूर करावा. खर्च काही नाही, डोकं सुरक्षित राहतं, आणि गार्ड ही पायांची ताकद नसून पायांची जाणीव आहे हे अंगात उतरतं.

तो कसाही करून ताठ झाला की दुसरा टप्पा. ज्या बाजूचा हात सुटलाय त्या बाजूचा गुडघा त्याच्या दंडाला आतून टेकतो, माझी कोपरं गुडघ्यांजवळ राहतात. कोपर आणि गुडघ्यात फट राहिली नाही तर गुद्द्याला सरळ वाट मिळत नाही, तो बाहेरून वळसा घालून येतो, आणि वळसा घालणारा गुद्दा वेळेत दिसतो. आणखी मागे झाला तर नडगी आडवी त्याच्या छातीवर, दुसरा पाय कमरेवर. उभा राहिला तर दोन्ही तळवे त्याच्या खुब्यांवर आणि आपली कंबर जमिनीवरून उचललेली. कंबर खाली पडून राहिली की पाय नुसते टेकलेले राहतात, त्यांत ढकलण्याचा जोर येत नाही.

आता गंमत अशी की लांबून मारायचं तर त्याला पुढे झुकावं लागतं. सगळं वजन माझ्या पायांवर येतं. तेव्हा पाय बाजूला घेतले की तो हात टेकत माझ्या छातीवर येतो, आणि आम्ही परत पहिल्या टप्प्यावर, मिठीत. हे चक्र न थांबता चालवता येणं हाच आमचा पावसाळ्याचा अभ्यासक्रम. पाच मिनिटांची फेरी, वरच्याने सोळा औंसाचे ग्लोव्हज घालायचे, डोक्यावर हलका हात, अंगावर मध्यम, आणि खालच्याने लॉक (सांधा पिळणं किंवा गळा आवळणं) लावायचे नाहीत. शेवटचा नियम सरांचा. "आधी जिवंत राहा, लॉक कुठे पळून जात नाही," असं ते म्हणतात. लॉकची बंदी असल्यामुळे अंतराकडे लक्ष राहिलं.

हा गार्ड ज्या लढतींतून घडला त्या या काळात पुन्हा पाहिल्या. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी (एमएमएची अमेरिकन स्पर्धा) रॉइस ग्रेसीने जिंकली हे सगळ्यांना माहीत असतं. पण या विषयासाठी खरी बघण्यासारखी लढत म्हणजे डिसेंबर १९९४ मधली टल्साची, डॅन सेव्हर्नविरुद्धची. सेव्हर्न नावाजलेला कुस्तीगीर, रॉइसपेक्षा सुमारे ३५ किलोंनी जड. लढतीचा मोठा भाग रॉइस खाली, रिंगणाच्या जाळीला टेकलेला. पण अंतर बघा: जवळ असताना तो चिकटलेला, सेव्हर्न मागे झाला की पाय मध्ये. शेवटी १५ मिनिटं ४९ सेकंदांनी ट्रँगल. तेव्हा वेळेचं बंधन नव्हतं, आणि कार्यक्रम इतका लांबला की अनेक ठिकाणी घरबसल्या बघणाऱ्यांचं प्रक्षेपण शेवट व्हायच्या आधीच तुटलं.

त्यानंतर कुस्तीगीर शिकले. १९९६ मध्ये मार्क कोलमनने गार्डच्या आतूनच डोक्याने धडका आणि गुद्दे मारत दोन स्पर्धा जिंकल्या. चिकटून राहिलं की सुरक्षित, या समजाला तिथे तडा गेला, कारण जवळून डोकं चालतं. पुढच्याच वर्षी यूएफसीत डोक्याच्या धडकेवर बंदी आली, पण कोपर चालतंच. म्हणून नुसती मिठी पुरत नाही, ओव्हरहूक दोन्ही बाजूंना बदलता आला पाहिजे.

आणि मग मार्च २००३, योकोहामा, प्राइड २५ (प्राइड ही जपानमधली तशीच स्पर्धा). अंतोनियो रॉड्रिगो नोगेराचा गार्ड त्या वजनी गटात जगात सर्वांत घातक मानला जायचा. फेडर एमेलियानेंको त्याच्याच गार्डमध्ये बसून पूर्ण २० मिनिटं मारत राहिला आणि निकालावर जिंकला. गार्ड पास करायची, म्हणजे पायांच्या पलीकडे जायची, घाईच त्याने केली नाही. नोगेरा ट्रँगलसाठी पाय वर घ्यायचा, फेडर हात काढून घ्यायचा आणि कंबर वर उचलून पुन्हा मारायचा. ही लढत मी जोडीदाराबरोबर बसून पाहिली, थांबवत थांबवत. माझं मत असं झालं की नोगेराचा गार्ड कमी पडला तो हल्ल्यात नाही. लॉकसाठी पाय उघडायचे तर मधला पट्टा पार करावा लागतो, आणि फेडर नेमका त्या पट्ट्यात मारत होता. म्हणजे लॉक लावायचा क्षण हाच सगळ्यात धोक्याचा क्षण.

त्याला उत्तर असलेली लढत मला ऑगस्ट २०१० मध्ये ओकलंडला झालेली वाटते. चेल सॉननने अँडरसन सिल्वाला चार फेऱ्या खाली ठेवून झोडपलं. पाचव्या फेरीतही तेच चाललं होतं. मग सिल्वाने मनगट धरून ठेवलं, पाय खांद्यावरून टाकला आणि ट्रँगलमधून आर्मबार. पाचव्या फेरीच्या ३ मिनिटं १० सेकंदांनी सॉननने टॅप करून (हाताने थोपटून) हार मानली. सिल्वाचा ब्लॅक बेल्ट नोगेराकडचाच. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते मनगट: पाय उघडण्याआधी एक हात बांधलेला होता. त्या पट्ट्यातून जायचंच आहे तर समोरचा एका हाताचा करून जायचं.

म्हणून ऑगस्टच्या शेवटी सरांनी लॉकची बंदी उठवली तेव्हा मी दोनच गोष्टी घेतल्या. एक, ओव्हरहूकमधून ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळणारा लॉक), कारण हात आधीच बांधलेला असतो. दुसरी, गुद्दा चुकून डोक्याजवळून मॅटवर गेला की तोच दंड छातीवरून आडवा ओढून पाठीकडे जाणं. दुसरी जास्त जमतेय. पैलवान ताकदीने हात परत घेतो, पण तोपर्यंत मी अर्धा बाजूला सरकलेला असतो आणि तो रिकाम्या जागेवर भार टाकून बसलेला असतो. गिलोटिन (समोरून गळा आवळणं) आणि किमुरा (हात पाठीमागे पिळणं) मी सध्या बाजूला ठेवलेत. दोन्हींसाठी उठून बसावं लागतं, आणि उठून बसताना हनुवटी उघडी पडते. ज्यांचं हिप बम्प (उठून बसत कमरेच्या धक्क्याने उलटवणं) वेगवान आहे त्यांचं मत वेगळं असेल.

भिंतीचं वेगळं लिहायला हवं. आमच्याकडे एका बाजूला गादी लावलेली भिंत आहे, जाळीच्या सरावासाठी. डोकं भिंतीला लागलं की हिप एस्केपला (कंबर सरकवून निसटायला) मागे जागा उरत नाही आणि मान दुमडते. सेव्हर्न नेमकं तेच करत होता. त्यावर सध्या जे चालतंय ते असं: एक तळवा खुब्यावर, दुसऱ्या पायाने जमीन ढकलायची, आणि मागे न जाता गोल फिरायचं, डोकं भिंतीच्या कडेने सरकवत, जोवर भिंत खांद्याच्या बाजूला येत नाही तोवर. तेवढा कोन मिळाला की पुन्हा ओव्हरहूक लागतो.

अजून न सुटलेलं कोडं स्टॅकिंगचं आहे. पैलवान माझ्या मांड्यांखाली हात घालून मला दुमडतो, गुडघे कानांपाशी येतात, पायांचा जोरच जातो आणि वरून हॅमरफिस्ट (हातोड्यासारखे मुठीचे फटके) येतात. सर म्हणतात दुमडायच्या आधीच एका बाजूच्या खुब्यावर जायचं, सरळ पाठीवर राहायचंच नाही. हळू गतीत जमतं, पूर्ण वजनाखाली अजून नाही. आता ऑक्टोबरमध्ये तेवढंच घेणार आहे: तो दुमडलेल्या स्थितीपासून सुरू करेल, ग्लोव्हज त्याच्याच हातात, मी बाजूला वळून कमरेवर तळवा परत लावला की फेरी थांबवून पुन्हा पहिल्यापासून. त्याची अट एवढीच की त्या बदल्यात मी त्याला एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा कुस्तीचा डाव) अडवायला रोज वीस मिनिटं द्यायची, आणि ती मी मान्य केली आहे.