रोमानियाच्या भाजीबाजारात जाताय? आधी आकडे पाठ करा

आमच्या मेसवर आजकाल नीटवाल्या पोरांपेक्षा रोमानियावाली पोरं जास्त येतात, असं बायको म्हणते. निलंगा, औसा, उदगीरकडची पोरं असतात. कुणाला वेल्डिंगचं परमिट लागलेलं, कुणाला हॉटेलातलं. मी बुखारेस्टला एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो आणि भाजी आणायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून 'भैया, थोडं शिकवा की' म्हणत लातूरला येऊन बसतात. 'कित कोस्तऽ?', म्हणजे केवढ्याला, हे प्रत्येकानं मोबाईलवरून आधीच पाठ केलेलं असतं. मग मी विचारतो, समोरची बाई 'दोवश्चिंच' म्हणाली तर किती काढून देशील? सगळे गप्प.

विचारता सगळ्यांनाच येतं. अडतं ते ऐकलेलं कळायला. म्हणून माझा पहिला धडा आकड्यांचा. ऊनु, दोय, त्रेय, पात्रु, चिंच, शासे, शाप्ते, ओप्त, नोवऽ, झेचे. पाचाला चिंच, हे कुणी विसरत नाही. जिथं ऽ लिहिलाय तिथला अ पुरता म्हणायचा, आपल्यासारखा गिळायचा नाही.

खरी कसरत अकरापासून. पुस्तकात अकरा म्हणजे 'उन्स्प्रेझेचे'. गर्दीत एवढं लांबण लावायला कुणाला वेळ आहे? तिथं ऐकू येतं 'उन्श्पे'. बारा दोयश्पे, चौदा पायश्पे, पंधरा चिंश्पे. वीस दोवऽझेच, आणि पंचवीस पुस्तकात 'दोवऽझेच शि चिंच', पण तोंडात नुसतं दोवश्चिंच. साडेतीन असेल तर 'त्रेय जुमाते'. अर्ध्या किलोलाही तेच, 'जुमाते दे किल'. पाव किलो हवं तर 'ऊन स्फेर्त'.

देश 2007 पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, तरी बाजारात युरो चालत नाही. एक लेउ, अनेक लेय, आणि एका लेउचे 100 बानी. नोटा प्लॅस्टिकच्या, खिशात भिजल्या तरी फाटत नाहीत. एखादी म्हातारी कांद्याच्या ढिगामागून 'ओ सुतऽ दे मी', म्हणजे चक्क एक लाख, म्हणाली तर घाबरू नका. 2005 साली त्यांनी चलनातली चार शून्यं उडवली, 10,000 जुने लेय म्हणजे एक नवा. जुन्या माणसांच्या तोंडात अजून जुनाच हिशोब बसलाय. तिला 10 ची नोट द्यायची.

आता बोलायचं कसं. स्टॉलसमोर गेल्या गेल्या 'बुनऽ झीवा'. याच्याशिवाय भाजीला हात लावू नका, ती माणसं तोंडावर बोलत नाहीत पण कपाळाला आठी पडते. बाईला 'द्वाम्नऽ' म्हणा. 'तांती' म्हणजे मावशी, हेही ऐकाल, पण ते ओळख झाल्यावर. मग 'कु कित दात्स रोशिले?', टमाटे कसे दिले? भावाच्या पाट्या बहुतेक लावलेल्या असतात, त्यामुळं आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात चालते तशी घासाघीस तिथं शोभत नाही. जास्त माल घेताना किंवा दुकान आवरायच्या वेळेला 'माय येफ्तिन?' एवढंच हसून विचारावं. झालं तर झालं.

तिचे प्रश्नही ठरलेले. 'कित सऽ वऽ पुन?' म्हणजे किती घालू. 'आल्तचेवा?' म्हणजे आणखी काही. 'अवेत्स मऽरुंत?' म्हणजे सुट्टे आहेत का, हा तर आपल्याकडचाच छळ. पिशवी म्हणजे पुंगऽ. संपलं की 'अतित, मुल्त्सुमेस्क', एवढंच, धन्यवाद. स्वतः निवडून घ्यायची असेल तर आधी 'पोत सऽ अलेग?' विचारा. चीजवाल्याकडं 'पोत सऽ गुस्त?' म्हटलं की सुरीच्या टोकावर तेलेमेयाचा तुकडा येतो. खारट, मऊ, पांढरा. चपातीबरोबर मला तो आवडायचा.

बुखारेस्टमध्ये असाल तर ओबोरलाच जा, शहरातला तो जुना आणि मोठा बाजार. आपल्या माणसाला तिथं सगळ्यात आधी शेपू भेटतो. मऽरार म्हणतात. तो सूपमध्ये, लोणच्यात, सगळीकडं घालतात, त्यामुळं वर्षभर जुड्यांचे ढीग. जुडीला लेगऽतुरऽ. त्याच्या शेजारी जी कोथिंबीर दिसते ती कोथिंबीर नसते. ती पऽत्रुंजेल, पार्सली. लांबून सारखीच दिसते, म्हणून एक पान चुरगाळून वास घ्या. वांगी म्हणजे विनेते. ते लोकही वांगी भाजून, सोलून, ठेचून खातात, फक्त त्यात कांदा आणि तेल. ठेचा नाही, शेंगदाण्याचं कूट नाही. आजाऱ्याचं भरीत म्हणा. तिखट मिरचीला 'आर्देय यूते' म्हणतात. तिखट आहे का विचारलं तर विकणारी डोळे मोठे करून 'फ्वार्ते यूते' म्हणेल, फार तिखट. लातूरच्या माणसानं तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

माळकरी पोरांसाठी एक शब्द वेगळा सांगतो, कारण नुसतं 'फऽरऽ कार्ने', मांस नको, म्हणून भागत नाही. अंडं राहतंच. तुम्ही विचारा, 'ये दे पोस्त?', म्हणजे उपवासाचं आहे का? ते लोक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. त्यांच्या उपवासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, आणि ईस्टर, नाताळच्या आधी कित्येक आठवडे उपवास असतात. बुधवार-शुक्रवार धरणारेही आहेत. त्यामुळं बेकरीवाल्यापासून सगळ्यांना हा शब्द कळतो, पाकिटांवरही छापलेला असतो. फक्त मासे काही उपवासांत ठराविक दिवशी चालतात, तेव्हा पाकिटावर माशाचं चित्र नाही ना, एवढं बघून घ्या. येसूर मसाला मात्र घरूनच बांधून न्या.