तुम्ही विचारलंत म्हणून: नावात तारीख कशाला?

"व्हर्जनच्या नावात नुसतं 'लेटेस्ट' लिहा की, एवढं लांबण कशाला?" हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत आम्ही औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. त्याच्या पहिल्याच स्क्रीनवर आता असं दिसतं: '२५.१०, दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७पर्यंत'. २५.१० म्हणजे ऑक्टोबर २०२५चं व्हर्जन.

पूर्वी आमची तीन नावं होती: लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवं, स्टेबल म्हणजे स्थिरावलेलं, लेगसी म्हणजे जुनं. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५वर आली. त्या सोमवारी सकाळी रावपुऱ्यातल्या एका पेढीच्या अकाउंटंट काकांचा फोन. "अहो, बिलात अजून बाराच टक्के लागताहेत."

व्हर्जन कोणतं? "स्टेबल."

मग पाचच लागायला हवेत, म्हटलं, शुक्रवारीच स्टेबलला पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिलाय. काका काही ऐकेनात. शेवटी स्कूटर काढून गेलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात खरंच 'स्टेबल' होतं, पण २०२१चं. त्याला आम्ही केव्हाच लेगसीत टाकलं होतं. ते त्यांच्या मशीनला कोण सांगणार? काकाही खरं बोलत होते आणि मीही. शब्द तेवढा आमच्या ऑफिसात पुढे सरकला होता.

बडोद्यात नवा बाजार आहे. आजी लग्नाचं लुगडं घ्यायला गेली तेव्हाही तो नवाच होता. बाजाराला ते शोभतं, तो जागचा हलत नाही.

डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'स्टेबल' ही खुर्ची आहे, बसणारा बदलतो. १० जून २०२३ला तिथे बुकवर्म नावाचं नवं व्हर्जन बसलं आणि आधीचं बुलजाय 'ओल्डस्टेबल' झालं. सेटिंगमध्ये बुलजायऐवजी नुसतं 'स्टेबल' लिहून ठेवणाऱ्यांची मशीनं पुढच्या अपग्रेडला बुकवर्मकडे वळली. जाणकारांना कधी कधी तेच हवं असतं. काकांना नको असतं.

उबुंटू ही लिनक्सचीच दुसरी एक सिस्टिम, त्यांचा आकडाच तारखेचा. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. २००६ साली एप्रिलचं रिलीज दोन महिने लांबलं, तर त्यांनी सरळ ६.०६ लिहून टाकलं. उशीर झाला तो आकड्यातच कबूल! मला हे फार आवडतं. पण जन्मतारखेवरून मुदत कळत नाही. २४.०४ हे एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचं, त्याला पाच वर्षं दुरुस्त्या. सहा महिन्यांनी आलेल्या २४.१०ला नऊच महिने. म्हणजे नंतर आलेलं आधी संपलं. नुसते आकडे बघून मोठा तो चांगला म्हणणारा तिथे फसतो, आणि आपले सगळे ग्राहक तसेच बघतात. म्हणून आम्ही शेवटची तारीखही नावातच घातली. औषधाच्या स्ट्रिपवर असतेच की, आमच्या ग्राहकांना ती वाचायची सवय आहे.

'सपोर्ट' हा शब्द मात्र मुद्दाम काढला. सपोर्ट म्हटलं की लोकांना वाटतं, फोन उचलतील. फोन काय, आम्ही २०२१वाल्यांचाही उचलतो. प्रश्न असतो पॅच येणार की नाही याचा. नोड.जेएस हे जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, ते करणारे यातही फोड करतात, आधी 'अॅक्टिव्ह' आणि मग 'मेंटेनन्स', ज्यात मुख्यतः मोठे दोष आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. आमच्याकडे तिघंच माणसं, दोन पायऱ्या आम्हाला झेपणार नाहीत. एक तारीख, तिच्यापर्यंत दुरुस्त्या, पुढे नाही.

पार्टनर अजून कुरकुरतो. तारीख छापली की ती पाळावी लागते, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. मुदत साठ दिवसांवर आली की स्क्रीनवर एक लाल पट्टीही येणार आहे. चाचणीसाठी ती काकांच्या मशीनवर लावून पाहिली, तर दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "ती लाल पट्टी घालवता येते का हो?"

येते, म्हटलं, अपडेट केल्यावर.