डावा खुबा, उजवा खुबा

सहावा दिवस

काल दुपारी डावा खुबा बदलून मिरजेहून घरी आले. एरवी मिरज-सांगली रस्ता कधी संपतो कळत नाही, काल मात्र प्रत्येक स्पीडब्रेकर मोजला. मुलानं पुढची सीट मागं सारून तिच्यावर उशी टाकली होती, म्हणजे गुडघे खुब्याच्या वर यायला नकोत. कोरी वही सापडेना म्हणून हा जुना हजेरीपट घेतलाय. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी मांडली, आता स्वतःची मांडते.

येणारा प्रत्येक जण विचारतो, ऑपरेशनला दुखलं का? नाही दुखलं. पाठीतून भूल दिलेली, कमरेखाली मी नव्हतेच. पण आवाज यायचे. पडद्याच्या पलीकडं कुणीतरी हातोडीनं ठोकतंय, ठक् ठक्, मग थोडं थांबून परत ठक्. मिरज एका अंगानं सतार-तंबोऱ्यांचं गाव आणि वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून दुसऱ्या अंगानं दवाखान्यांचं. पडल्या पडल्या वाटलं, आपल्याला चुकून पहिल्या दुकानात तर आणलं नाही? नंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी ठोकून बसवायची, तिच्या टोकाला गोळा आणि तो गोळा फिरायला कमरेच्या हाडात नवी वाटी. माझी जुनी वाटी झिजून कूर्चा पार संपली होती, हाडावर हाड घासत होतं. आमचे हे म्हणाले, "म्हणजे बेअरिंग बदललं." जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात काढलेल्या माणसाकडून आणखी काय ऐकणार.

नववा दिवस

काय करायचं नाही त्याची यादी कपाटावर चिकटवलीय. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन पायांत उशी. आणि वाकताना मांडी आणि पोट यांच्यात काटकोनापेक्षा कमी कोन होऊ द्यायचा नाही. काटकोन शिकवण्यात किती खडू झिजवले असतील! आता खाली पडलेला चष्मा छत्रीच्या मुठीनं ओढून घेते तेव्हा तो काटकोन कळतो.

सून विळी माळ्यावर टाकायला निघाली होती. चांगल्या मनानंच, मला दिसून वाईट वाटू नये म्हणून. मी म्हटलं, राहू दे ओट्याखाली. मेथी ओट्यावर सुरीनं निवडून-चिरून होते, पण नारळ खोवायचा तो पाटावर बसून, विळी पायानं दाबून, हे इतकं अंगात बसलंय की खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय आपोआप दाबायला जातो. डॉक्टर म्हणतात, खाली बसणं आता विसराच. बघू.

लेक चार दिवस राहून साताऱ्याला गेली. तिकडं सत्यनारायण आहे. आईचा खुबा बदलला तरी सत्यनारायण पुढं ढकलता येत नाही, असं विहीणबाईंचं म्हणणं असणार. मी काही बोलले नाही. लग्नात विहिणीच्या पंक्तीला आमटी गार आली म्हणून त्यांनी पान बाजूला सारलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली.

बाविसावा दिवस

टाक्यांच्या पिना चौदाव्या दिवशीच निघाल्या. पायातले ते घट्ट पांढरे मोजे अजून आहेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घोटे वर-खाली करत राहायचं, तेही चालू आहे.

काल साताऱ्याहून फोन आला. विहीणबाई बाथरूममध्ये घसरल्या. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन आजच. खोटं कशाला लिहू, माझ्या मनात पहिलं हेच आलं, की आता लेक काही होळीच्या आत इकडं येत नाही. त्या बाईंना किती दुखत असेल हे बऱ्याच वेळानं आलं. मला दोन महिने आधी तारीख मिळाली होती. मी कमोडची खुर्ची आणली, पलंगाखाली ठोकळे लावून घेतले, ताकद यावी म्हणून आधीपासून व्यायाम केला. त्यांना एक ओली फरशी.

एकोणतिसावा दिवस

रात्री अकराला मोबाइल वाजला. विहीणबाई. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो ते दिवाळी-दसऱ्याला, तेही लेकीनं फोन हातात दिल्यावर.

"झोपला नव्हता ना?"

"झोप कसली येतेय!"

"अहो, ती उशी तुम्हीपण ठेवता का? माझी रात्रीतून सरकते आणि मग भीतीच वाटते, पायावर पाय पडला तर…"

मी म्हटलं, मऊ उशी काढा, लहान लोड ठेवा, तो हलत नाही. मग कुशीवर कधीपासून वळता येतं, खालच्या अंगाला सुजल्यावर बर्फ किती वेळ ठेवायचा, घट्ट झालं की काय खायचं, हे सगळं अर्धा तास झालं. पोट साफ होण्याबद्दल आम्ही दोघी इतकं मोकळं बोललो, की शेजारी हे खोकून बाहेर गेले.

अडतिसावा दिवस

आता रोज सकाळी साडेसातला फोन. त्या उचलल्या उचलल्या म्हणतात, "हजर, बाई." मी खरंच त्यांच्या नावाची ओळ घातलीय हजेरीपटात.

साताऱ्यात त्यांच्या घराला अंगणातूनच पायऱ्या. त्यांना पायऱ्यांचं फार भय. मला फिजिओच्या मुलानं शिकवलेलं मी माझ्या भाषेत सांगितलं. चढताना शहाणा पाय पुढं, उतरताना वेडा पाय पुढं. वेडा म्हणजे ऑपरेशनचा. परवापासून घरात सगळे त्यांच्या पायाला 'वेडा' म्हणतात, असं नातीनं कळवलंय.

सत्तेचाळिसावा दिवस

आज लिहायला लाज वाटतेय.

आमच्या बोळात, म्हणजे घरातल्या चिंचोळ्या वाटेत, भिंतीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. २०१९ च्या महापुराची माझ्या खांद्याला, २०२१ ची गुडघ्याच्या वर वीतभर. गावभागात अशा रेघा घरोघरी सापडतील. २०१९ ला होडीत पाय टाकताना हा डावा खुबा पहिल्यांदा कडकन बोलला होता, पण तेव्हा माणसं, भांडी, कागदपत्रं, कुणाला वेळ होता खुब्याकडं बघायला! आता त्याच भिंतीपाशी खिडकीचा गज धरून मी गुडघा वर उचलते, खालच्या रेघेपर्यंत. दहा वेळा. मग बोळातून वॉकर घेऊन फेऱ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बावीस पावलं.

सोमवारी विहीणबाई फोनवर म्हणाल्या, माझी आज दोनशे ऐंशी झाली. माझी झाली होती अडीचशे. त्या माझ्यामागून तीन आठवड्यांनी आलेल्या! तोंडातून निघून गेलं, "माझी चारशे." मंगळवारी चारशे वीस सांगितली. बुधवारी लेकीचा फोन, सासूबाईंनी हट्टानं साडेचारशे पावलं टाकली, खुब्याजवळ सुजलंय, डॉक्टरांनी दोन दिवस चालणं निम्म्यावर आणायला सांगितलंय.

आज सकाळी मीच फोन लावला आणि सांगून टाकलं. पलीकडं शांतता. मला वाटलं, झालं, आता पुन्हा दिवाळी-दसरा.

मग त्या म्हणाल्या, "बाईच खोटी हजेरी मांडायला लागल्या तर वर्गानं कुणाकडं बघायचं?"

नवा नियम त्यांचाच. नुसता आकडा सांगायचा नाही, त्याच्यापुढं दुखणं सांगायचं, दहापैकी किती. आज माझं २३० आणि चार. त्यांचं १४० आणि सहा.

बावन्नावा दिवस

संक्रांत. मागच्या आठवड्यात तपासणी झाली, एक्स-रे छान आहे, वॉकर गेला, काठी आली. काठी दुखऱ्या बाजूला धरायची असं मला वाटत होतं. तसं नाही, विरुद्ध हातात. डावा पाय टाकताना उजव्या हातातली काठी टेकवायची, म्हणजे खुब्यावरचा भार कमी होतो.

हळदीकुंकवाला बायका सतरंजीवर आणि मी ठोकळे लावलेल्या खुर्चीत. न्यायाधीशासारखी. प्रत्येक जण उठून माझ्यापाशी येणार, मी हातानंच कुंकू लावणार. पाया पडायला कुणी वाकलं की मला त्यांचाच काटकोन दिसायचा. दुपारी सगळ्या गेल्यावर रडू आलं, कारण काही नाही. साडेसात वाजलेले नसताना साताऱ्याला फोन केला. आकडा विचारला नाही त्यांनी. म्हणाल्या, "मी काल रडले. आज तुमची पाळी."

एकोणसत्तरावा दिवस

४२००, एक. ह्यांच्या मोबाइलनं मोजलेली, माझी नाहीत.

चौऱ्याऐंशीवा दिवस

विहीणबाई आल्या! डॉक्टरांना विचारून, तासा-दीड तासानं गाडी थांबवून, प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं चालून. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मोती चौकातला की राजवाड्याजवळचा यावर जावयाचं आणि त्यांचं माझ्या दारातच भांडण. लेक दोघींच्या मधे उभी राहून कुणाला आधी हात द्यावा या विचारात. दोघींनीही दिला नाही.

जेवायला टेबलावर दोघी समोरासमोर. मी आमटी वाढली, वाटीतून वाफ निघत होती.

"बघा, गरम आहे ना?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग इतक्या हसल्या की ठसका लागला. "अहो, त्या दिवशी दाढ दुखत होती माझी. गरम काय, गार काय, काहीच खाता येत नव्हतं." नऊ वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी पटवून घेतलं असतं का, कुणास ठाऊक.

संध्याकाळी गणपतीला चालत जायचं ठरलं. आमच्याकडून फार लांब नाही. नव्या हळदीचे दिवस आलेत, शेजारणीनं गच्चीवर वाळत घातलेल्या हळकुंडांचा वास खालपर्यंत येत होता. लेक आणि जावई मागं राहिले, आम्हीच राहा म्हटलं.

निघालो तर खट् खट्. माझा खुबा डावा, काठी उजव्या हातात. त्यांचा उजवा, काठी डाव्या हातात. मी त्यांच्या डाव्या अंगाला, म्हणजे दोन्ही काठ्या मधे येऊन एकमेकींवर आपटायला लागल्या. चार पावलांत दोनदा अडखळलो. एक रिक्षावाला थांबून विचारून गेला, "सोडू का, मावशी?"

विहीणबाई म्हणाल्या, "थांबा. बाजू बदलू."

मी त्यांच्या पुढून वळून पलीकडं गेले, पाऊल आत वळू न देता, लहान लहान पावलांनी. काठ्या बाहेरच्या अंगाला गेल्या, मधे दोघींचे मोकळे हात राहिले.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"आत्ताशी अकरा."

"खरी?"