एल्कच्या गळ्यातला पट्टा

हेलिकॉप्टरमधून एल्क पकडतानाचे व्हिडिओ बघितलेत का कधी? पकडतात ते गळ्यात कॉलर बसवायला, म्हणजे जनावर कुठे आहे ते सांगणारा पट्टा. बर्फातून कळप पळतोय, वर हेलिकॉप्टर अगदी डोक्यावर, दारात एक माणूस बंदूक घेऊन बसलाय आणि त्या बंदुकीतून गोळी नाही तर जाळं सुटतं, चारही कोपऱ्यांना वजनं लावलेलं. एल्क धाडकन पडतो. बघणाऱ्याच्या मनात पहिलं हेच येतं की अरे कशाला छळताय बिचाऱ्याला, राहू द्या ना. प्रश्न चुकीचा अजिबात नाहीये, उलट हे काम करणाऱ्या लोकांनाही तो सतत स्वतःला विचारावा लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, सांबराच्या नात्यातलंच. मादीसुद्धा सव्वादोनशे-अडीचशे किलोची असते. असं धूड धरायचं, तेही त्याला काही न होऊ देता.

पकडायचं काम मुख्यतः हिवाळ्यात चालतं, कारण पळून पळून जनावराचं अंग भयंकर तापतं आणि मोठ्या हरणाला दमण्यापेक्षा हे तापणं जास्त नडतं. म्हणून पाठलाग अगदी थोडा वेळ करायचा, नाही सापडला तर सोडून द्यायचा. सापडला की दोन माणसं उडी मारून खाली, पाय बांधायचे, डोळ्यांवर पट्टी. ही पट्टी फार कामाची, दिसायचं बंद झालं की एवढं मोठं जनावर बरंच शांत होतं. मागून थर्मामीटर लावायचा आणि आकडा ४१ सेल्सिअसच्या पुढे जायला लागला की बाकीचं सगळं राहू दे, अंगावर बर्फ थापायचा आणि सोडून द्यायचं. अजून एक, रवंथ करणारा प्राणी आहे, त्याला कुशीवर आडवं पडू द्यायचं नाही, छातीवर बसवून ठेवायचं, नाहीतर पोट फुगतं आणि पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. या सगळ्या गडबडीतच रक्त घ्यायचं (गाभण आहे का, ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य रोग आहे का हे त्यावरून कळतं), सोनोग्राफीने पुठ्ठ्यावरची चरबी मोजायची, दातांवरून वयाचा अंदाज घ्यायचा आणि कॉलर बसवायची. सगळं काही मिनिटांत.

दुसरी पद्धत डार्टची, म्हणजे गुंगीचं औषध. ती बघायला कमी भीतीदायक वाटते पण तिची वेगळी भानगड आहे. औषध चढेपर्यंत जनावर पळून कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही, शेवटी उतारा देऊन उठवावं लागतं, आणि एल्कची शिकार तिथे कायदेशीर आहे, त्यामुळे औषध दिलेल्या एल्कच्या कानाला टॅग लावतात की याचं मांस लगेच खाऊ नका. गवताचं आमिष लावून पिंजऱ्यात किंवा कुंपणात धरायचीही पद्धत आहे, हिवाळ्यात खायला कमी असतं तेव्हा ती बरी चालते.

एवढं करूनही काही मरतात. अति ताणाने स्नायूच खराब व्हायला लागतात, जनावर सुटून निघून जातं, ठीक दिसतं आणि काही दिवसांनी मरतं. म्हणून बऱ्याच अभ्यासांत सुरुवातीच्या दिवसांतला मृत्यू पकडण्याच्या खात्यावरच टाकतात, लांडग्याच्या नाही. हा हिशोब मला प्रामाणिक वाटतो.

आणि परवानगीचा मामला वेगळाच. २०१६ मध्ये आयडाहो राज्याच्या वन्यजीव खात्याने फ्रँक चर्च नावाच्या संरक्षित अरण्यात हेलिकॉप्टर उतरवून जवळपास ६० एल्कना कॉलर लावल्या, वर चार लांडग्यांनाही लावल्या, ज्यांची परवानगीच नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी सांगितलं की मिळालेला डेटा नष्ट करा. म्हणजे जनावरांना झालेला त्रास झालाच आणि हातात काही नाही. निकाल योग्यच होता असं माझं मत, पण त्या एल्कचं वाईट वाटतं.

आता कॉलर. १९७० मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, नॅशनल एल्क रेफ्युज या एल्कच्या अभयारण्यात क्रेगहेड बंधू या संशोधकांनी मोनिक नावाच्या मादीला सॅटेलाइट कॉलर लावली होती, निंबस-३ हा हवामानाचा उपग्रह तिचा पत्ता घ्यायचा. कॉलरचं वजन दहा किलोच्या वर! आज तेच काम साधारण किलोभराच्या पट्ट्यात होतं. जीपीएस ठरलेल्या वेळाने जागा नोंदवतो, उपग्रहामार्फत ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येते. पण बॅटरी तेवढीच, दर तासाला नोंद हवी तर कॉलर लवकर संपणार, वर्षानुवर्षं हवी तर नोंदी विरळ. म्हणजे प्रश्न काय विचारायचाय हे जनावर पकडायच्या आधीच ठरवावं लागतं. नरांना तर माजाच्या दिवसांत मान फुगते म्हणून ताणणारा पट्टा लागतो. मुदत संपली की कॉलर आपोआप सुटून पडते, निदान पडायला हवी.

माझ्या दृष्टीने खरी करामत पुढची आहे. कॉलर बराच वेळ हललीच नाही की मृत्यूचा सिग्नल येतो आणि माणसं तिथे धावतात, अक्षरशः पोलीस पंचनाम्यासारखं. कातडं सोलून बघतात, दातांच्या खुणांखाली रक्त साकळलेलं असेल तर चावलं तेव्हा जनावर जिवंत होतं, नसेल तर मेल्यावर कोणीतरी खाल्लंय. पालापाचोळ्याने झाकून ठेवलंय आणि मानेवर सुळ्यांच्या खुणा असतील तर प्यूमाचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराचा संशय. उशीर झाला की पुरावा गेला, कारण तोपर्यंत सगळ्यांनीच जेवून घेतलेलं असतं.

हे का महत्त्वाचं ते अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानावरून कळतं. तिथे १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. पार्कच्या उत्तरेकडचा एल्कचा कळप १९९४ मध्ये १९ हजारांच्या आसपास मोजला होता, तो २०१३ मध्ये ४ हजारांच्या खाली. मग काय, लांडग्यांनी खाल्ले, विषय संपला. पण माणसांनी केलेली मोठ्या माद्यांची शिकार, दुष्काळ, १९९७चा कडक हिवाळा हेही होतं आणि पिल्लं वाचत नव्हती ती का हे कोणी नुसत्या गप्पांमधून सांगू शकत नव्हतं. २००३ ते २००५ मध्ये १५१ नवजात पिल्लांना ट्रान्समीटर लावले, पिल्लं पहिले काही दिवस गवतात दबून पडून राहतात म्हणून हाताने धरता येतात. मेलेल्यांमधली अर्ध्याहून जास्त अस्वलांनी मारलेली निघाली, ग्रिझली आणि काळी मिळून. लांडगे खूप मागे.

आणि अस्वलं एवढी पिल्लांच्या मागे का लागली, तर एक कारण थेट यलोस्टोन तलावात सापडतं असं काही संशोधकांनी मांडलंय. तिथे १९९४ मध्ये बाहेरून कोणीतरी सोडलेला लेक ट्राउट मासा सापडला. तो मूळच्या कटथ्रोट ट्राउटला खाऊन टाकतो. कटथ्रोट वसंतात ओढ्यांमध्ये अंडी घालायला चढायचे आणि ग्रिझलींना ऐन पिल्लांच्या सीझनला फुकटचं जेवण मिळायचं. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यातच राहतो, तो अस्वलाच्या हाती लागत नाही. मासे आटले, अस्वलं कुरणांकडे वळली. हे पूर्ण कारण नाही, पण काही वाटा त्याचाही आहे. तलावातून लेक ट्राउट जाळ्यांनी उपसायचं काम कित्येक वर्षं चालू आहे, ते कटथ्रोटसाठी, आणि एल्कच्या पिल्लांना त्याचा फायदा होतो का हे बघायचं तर पुन्हा कोणालातरी गवतात शिरून पिल्लं धरावी लागणार.