डाव्या हाताने काढलेले घड्याळ
मेंदूचे आरोग्य आणि डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णसेवेतील समता या विषयावरच्या नेतृत्व प्रशिक्षणात आजचा दिवस गेला. जगातील साडेपाच कोटींहून अधिक डिमेन्शियाग्रस्तांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, हे मला पाठ होते. पण सरावात कधीही शाळेत न गेलेल्या आजींची भूमिका माझ्याकडे आली, डाव्या हातात पेन्सिल दिली गेली आणि डिमेन्शियाच्या चाचणीत सांगतात तसे अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ कागदावर काढायला सांगितले, तेव्हा माझा गोलही धड जुळेना. गुण गेले ते स्मरणशक्तीमुळे नव्हे, हाताला सवय नसल्यामुळे! चाचणीचा कागद बाजूला ठेवून आजींच्या सुनेला काय विचाराल, या प्रश्नावर आम्ही निम्मे जण गप्पच होतो.