देव अंगात घेण्याची किंमत

तरुण नायिकेच्या हाती घातक जादू येते आणि ती हळूहळू त्या जादूवर प्रभुत्व मिळवते, अशा कथा कल्पनारम्य साहित्यात पुष्कळ आहेत. रिबेका एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ ही त्रयी वरवर त्याच वाटेने निघते. पण या कादंबऱ्यांत प्रभुत्व नावाची गोष्टच मुळात शक्य नाही, आणि माझ्या मते या मालिकेचे सारे बळ त्यातच आहे. ‘द पॉपी वॉर’ २०१८ मध्ये, ‘द ड्रॅगन रिपब्लिक’ २०१९ मध्ये आणि ‘द बर्निंग गॉड’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला भाग आला तेव्हा लेखिकेने वयाची बावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

फांग रुनिन, म्हणजेच रिन, ही चीनच्या धर्तीवर कल्पिलेल्या निकान साम्राज्याच्या दक्षिणेकडील एका दरिद्री गावातील अनाथ मुलगी. तिला वाढवणारे कुटुंब चोरून अफू विकते आणि एका वयस्क पुरुषाशी तिचे लग्न लावून आपला फायदा साधू पाहते. त्यातून सुटण्याचा एकच मार्ग तिच्यापुढे असतो, तो म्हणजे केजू ही साम्राज्याची प्रवेशपरीक्षा. अभ्यास करताना डोळा लागू नये म्हणून ती मेणबत्तीचे वितळलेले मेण स्वतःच्या हातावर ओतते. सिनेगार्डच्या सैनिकी विद्यालयात पोहोचल्यावर पाळी अभ्यासाच्या आड येते म्हणून ती औषध घेऊन गर्भाशय कायमचे निकामी करून टाकते. जादूचा एकही शब्द कानावर पडण्याआधीच ही मुलगी आपले शरीर इंधनासारखे वापरायला शिकलेली असते, हे लेखिकेने फार जाणीवपूर्वक मांडले आहे.

विद्यालयातील भाग वाचायला सर्वांत सुखद आहे. जियांग हे तऱ्हेवाईक गुरू रिनला डुकराचे पिल्लू उचलून रोज डोंगर चढायला लावतात, आणि पिल्लू वाढत जाते तसे तिचे बळही वाढते. हा प्रसंग वाचताना वाटते की पुढेही सारे असेच क्रमाक्रमाने घडेल. मात्र जियांग शिकवतात ती विद्या वेगळी आहे. या जगात चौसष्ट देव आहेत, ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथातील चौसष्ट षट्‌रेखांच्या (सहा रेघांच्या आकृत्यांच्या) धर्तीवर कल्पिलेले; त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ध्यानातून आणि बहुधा अफूसारख्या पदार्थांच्या नशेतून जाते. देव अंगात येतो, पण तो आपली इच्छा सोबत घेऊन येतो. रिनला लाभणाऱ्या अग्निपक्षी या देवाला फक्त जाळायचे असते आणि तिच्या रागावर तो पोसला जातो. ज्यांना देव कायमचा व्यापून टाकतो, त्यांना वेडही लागते आणि मरणही येत नाही. अशांना चुलू कोरिक या डोंगराच्या पोटात दगडात चिणून ठेवतात. मंत्राची प्रचीती पाहावी म्हणून सूर्याला बोलावणाऱ्या कुंतीची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला, आवाहन केलेला देव रिकाम्या हाताने परत जात नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

हे ज्ञान युद्धासाठी नाही, असे जियांग बजावतात. अल्तान हा तिचा ज्येष्ठ सहाध्यायी आणि पुढे सेनानायक. तो नेमके उलटे सांगतो आणि स्वतः अफूच्या आहारी गेलेला असतो. देशाला पोखरणारे व्यसन आणि देशाला वाचवू शकणारी शक्ती एकाच बोंडातून यावी, ही योजना मला विलक्षण वाटते. त्यामागचा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. चीनमध्ये जाणाऱ्या अफूचा मोठा भाग माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकत असे आणि मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे. ज्यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि १८४५ साली सुरू झाले, त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनशी केलेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता.

पहिल्या भागाचा उत्तरार्ध मात्र सोसवत नाही. मुगेन या शत्रू बेटराष्ट्राच्या आक्रमणात गोलिन नीस शहराची जी कत्तल होते, ती जपानी सैन्याने १९३७ मध्ये चीनमध्ये केलेल्या नानजिंगच्या हत्याकांडावर बेतलेली आहे. शत्रूच्या प्रयोगशाळेचे वर्णन कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या ‘युनिट ७३१’ची आठवण करून देते. शेवट सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येत नाही, म्हणून सांगतो: रिन ज्वालामुखी जागा करून शत्रूचे आख्खे बेट माणसांसह जाळून टाकते. तो तिच्या शक्तीचा कळस आहे, आणि तिने बळी म्हणून पाहिलेले सारे तिने स्वतः करून दाखवण्याचा क्षणही तोच आहे. इथे लेखिका तिला माफ करत नाही आणि वाचकालाही हात झटकू देत नाही.

दुसरा भाग मला लांबलेला वाटला. नदीवरील मोहिमा आणि सरदारांची कारस्थाने यांत शंभरेक पाने सहज कमी झाली असती. शिवाय पात्रांचे बोलणे अधूनमधून अगदी आजच्या अमेरिकी तरुणांचे वाटते. तरी पश्चिमेकडून आलेल्या हेस्पेरियन लोकांचा त्यातील वावर नेमका आहे. तोफा, हवाई जहाजे आणि एकच ईश्वर घेऊन आलेले हे लोक रिनकडे अभ्यासाचा नमुना म्हणून पाहतात आणि मदतीच्या बदल्यात तिच्या शरीराची तपासणी मागतात.

रिनचा प्रवास आपण माओच्या आयुष्यावर बेतल्याचे क्वांग यांनी सांगितले आहे. तिसऱ्या भागात ते स्पष्ट दिसते. दक्षिणेतील शेतकऱ्यांची फौज तिच्यामागे उभी राहते, दुष्काळ पडतो, आणि तिचा संशय शत्रूंपुरता न उरता मित्रांपर्यंत पोहोचतो. तिच्या मनाशी मंत्राने बांधला गेलेला किताई हा मित्र अग्नीला आवर घालतो खरा, पण त्यामुळे तिची प्रत्येक आग त्याच्याही शरीरातून वाहते. शेवटच्या प्रकरणातील तिचा निर्णय अनेकांना अन्यायकारक वाटला. मला तो त्या पहिल्या मेणबत्तीपासून ठरलेला वाटतो, कारण स्वतःचे शरीर मोजून व्यवहार करण्याखेरीज दुसरा हिशेब तिला कुणी शिकवलाच नव्हता.